भिंतीचा सातबारा

खानदेशात नवं घर बघायला आलेला माणूस आधी भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक करतो. आवाज ऐकतो आणि विचारतो, "वीट कुठली?" रंग, पडदे, छताला केलेली ती पीओपीची फुलं याबद्दल त्याला काही म्हणायचं नसतं. पारा मे महिन्यात ४५च्या पुढे सरकतो अशा मुलखात भिंतीचं पहिलं काम ऊन अडवण्याचं. दुसरं काम खिळा धरून ठेवण्याचं. जुन्या धाब्याच्या घरांत तेही तिला जमत नाही, खिळा मारला की खिळ्यासकट मातीचा पोपडा हातात येतो. म्हणून तिथे भिंत रचतानाच लाकडी खुंट्या बसवून ठेवायचे. पुढच्या तीन पिढ्यांनी काय टांगायचं ते गवंड्यानेच ठरवून टाकलेलं असे, आणि त्याबद्दल तीन पिढ्यांत कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

अशा मुलखात ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी आली आहे. नाव अवघड, काम सोपं. चित्रं विकणाऱ्या दुकानाचं अ‍ॅप उघडायचं, फोन भिंतीकडे धरायचा, चित्र निवडायचं. ते चित्र फोनच्या पडद्यावर तुमच्याच भिंतीवर खऱ्या मापात टांगलेलं दिसतं. बोटाने सरकवा, वर घ्या, खाली घ्या. हातोडी लागत नाही, स्टुलावर चढावं लागत नाही आणि "सरळ आहे का?" असं दहादा विचारावं लागत नाही.

हे नाव १९९०च्या सुमाराला अमेरिकेतल्या बोइंग कंपनीतल्या टॉम कॉडेल या संशोधकाने दिलं. विमानाच्या वायरी कुठून कुठे न्यायच्या ते कामगाराला डोळ्यांसमोर दिसावं, ही त्यामागची कल्पना. आमच्या घरात गेली तीस वर्षं वायरमन येतो, भिंतीकडे बघतो आणि "आधीच्याने काय करून ठेवलंय!" म्हणतो. या तंत्राची खरी गरज बोइंगआधी आम्हाला होती. ते असो. २०१७ साली अ‍ॅपलने आपल्या फोनमध्ये ही सोय दिली आणि त्याच वर्षी आयकिया या स्वीडिश फर्निचरवाल्यांनी सोफा तुमच्या खोलीत ठेवून दाखवणारं अ‍ॅप काढलं. मात्र पहिल्या वर्षी या फोनला फक्त आडवं कळायचं, म्हणजे जमीन, टेबल वगैरे. उभी भिंत त्याला कळली २०१८मध्ये. आमच्याकडे पोराला भिंत पहिल्या वर्षीच कळते. ती धरल्याशिवाय त्याला उभंच राहता येत नाही.

फोनला भिंत कळते कशी, हे मला मेहुण्याच्या मुलाने, म्हणजे भाच्याने समजावून सांगितलं. तो पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यामुळे जळगावला माझ्याकडे आला की फोनचं आणि धुळ्याला आजोबांकडे गेला की वीजबिलाचं, असं सगळ्यांचं काम त्याच्याकडून करून घेतलं जातं. फोन म्हणे कॅमेऱ्यात दिसणारे ठिपके धरतो. एखादा डाग, कोपरा, चौकटीची कड. फोन हलला की हे ठिपके किती सरकले ते बघतो, आतल्या गतीच्या सेन्सरशी ताडून पाहतो आणि त्यावरून भिंत कुठे आहे ते ठरवतो. याचा अर्थ कोऱ्या भिंतीपुढे त्याची मती गुंग होते. पांढरीशुभ्र, गुळगुळीत, एक डाग नसलेली भिंत त्याला दिसतच नाही. मग तो "फोन हळूहळू फिरवा" अशी विनंती करत राहतो. वरून ऑइलपेंटची चकाकी असली तर आणखी गोंधळतो.

आमच्या जळगावच्या फ्लॅटमध्ये नेमकं हेच झालं. रंग नुकताच दिलेला होता. भाचा एकादशीला प्रदक्षिणा घालावी तसा हॉलमध्ये फोन घेऊन फिरत होता आणि भिंत काही सापडत नव्हती. शेवटी बायकोने त्या भिंतीला टेकून झाडू उभा केला. तेव्हा फोनला भिंत दिसली.

पुढे गंमत झाली. गुगलच्या आर्ट्स अँड कल्चर अ‍ॅपमध्ये जगातल्या संग्रहालयांतली चित्रं खऱ्या आकारात आपल्या खोलीत आणता येतात. भाच्याने व्हर्मीरचं चित्र आणलं, मोत्याचं कानातलं घातलेल्या मुलीचं. मूळ चित्र नेदरलँड्समध्ये हेगला आहे आणि जेमतेम ४४.५ बाय ३९ सेंटिमीटरचं आहे, म्हणजे आमच्या बँकेच्या कॅलेंडरहून लहान. पुस्तकात पाहून मला ते दारभर वाटायचं. शेजारचे काका बघायला आले. त्यांची हयात जळगावच्या सराफ बाजारात गेलेली. त्यांनी चष्मा वर सारून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "एकच दिसतंय. दुसरं कुठे आहे?" मान वळलेली असल्यामुळे दुसरा कान दिसत नाही, असं भाच्याने सांगितलं. काका म्हणाले, "गिऱ्हाईक असंच सांगतं. दुसरं गहाण असेल." कलासमीक्षकांनी या मुलीच्या चेहऱ्यावरच्या भावाबद्दल पुष्कळ लिहिलं आहे, पण हा मुद्दा त्यांच्याही नजरेतून सुटला असावा.

हे तंत्र नवं असलं तरी भिंतीवरचं चित्र दुसऱ्याच भिंतीवर नेऊन दाखवायची हौस या परिसरात जुनी आहे. अजिंठ्याची लेणी जळगावहून साठ-एक किलोमीटर. १८४४ साली मद्रासच्या फौजेतले रॉबर्ट गिल तिथे आले आणि लेण्यांतल्या भिंतींवरची चित्रं तैलरंगात उतरवून घेत वर्षानुवर्षं राहिले. ते मोठमोठे कॅनव्हास लंडनला गेले, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडले आणि १८६६च्या आगीत त्यांतले बहुतेक जळून गेले. गिल १८७९ साली वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. या माणसाने आयुष्य घातलं ते काम भाच्याचा फोन अर्ध्या मिनिटात करतो आणि वर चित्र जळायची भीती नाही. फोन तेवढा तापतो. आमच्याकडे एप्रिलनंतर दुपारी दोन वाजता कॅमेरा, प्रोसेसर आणि खानदेश असे तिघे एकत्र आले की फोन स्वतःच सांगतो, मला थंड होऊ द्या. मग तो कूलरसमोर ठेवायचा. कूलरसमोरची जागा आधी आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, असते, हे फोनला कोणी सांगितलेलं नसतं.

आणि चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस? १९१२ ते १९८९ या आयुष्यातली जवळजवळ पन्नास वर्षं ते आपल्या बंगल्याबाहेर क्वचितच पडले. घरातल्या टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडायच्या, त्यांवर प्रकाश टाकायचा आणि असं छायाचित्र काढायचं की बघणाऱ्याने तो बाहेरचा खराखुरा देखावा समजावा. खोलीत नसलेलं खोलीत आणून दाखवणं यापेक्षा वेगळं काय असतं! त्यांना बॅटरी किती उरली ते बघावं लागलं नाही, एवढाच फरक. रविवर्म्याच्या छापील चित्रांतल्या लक्ष्मी-सरस्वतीला घरोघरच्या बायका खरी जर, टिकल्या, कापडाचा पदर चिकटवून नटवत. तीही वास्तवात घातलेली भरच होती, आणि तिला चार्जिंग लागत नव्हतं.

पण खरी कसोटी लागली ती धुळ्याला.

धुळ्याचं घर जुन्या गावात, नंबरवाल्या गल्लीत. माझी सासुरवाडी. तिथल्या दिवाणखान्यात पाऊल टाकताच भाच्याच्या फोनने भिंत ओळखली. फोन फिरवावाही लागला नाही. कारण त्या भिंतीवर रिकामी अशी जागाच नाही, ठिपकेच ठिपके. फोन खूश झाला. भाच्याने सात धावत्या घोड्यांचं चित्र निवडलं. सध्या खानदेशातल्या ज्या घरात सोफा आहे त्या घरात सात घोडे आहेत, किंवा येऊ घातले आहेत. वास्तुवाल्यांचं म्हणणं, घोड्यांची तोंडं घराच्या आत हवीत. बाहेरच्या दिशेने धावले तर लक्ष्मी त्यांच्या मागून जाते. घोडे सुरुवातीला दाराकडे धावत होते. भाच्याने बोट फिरवून त्यांना उलटं केलं. लक्ष्मी एका क्षणात परत आली.

घोडे सगळ्यात शोभत होते ते मधोमध. मोठी माय पलंगावर बसून फोनमध्ये डोकावत होती. तिची नव्वदी उलटली आहे आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला नको तेवढं दिसतं. ती एकदम म्हणाली, "अरे, त्यास्ना आंगवर घोडा दौडी ऱ्हायनात ना!"

मधोमध तिच्या यजमानांचा, म्हणजे आप्पांच्या वडिलांचा फोटो आहे. चंदनाचा हार, खाली लाल झिरोचा बल्ब. फोनमध्ये पाहिलं तर खरोखरच घोड्यांच्या टापा थोरल्या आजोबांच्या फेट्यावर पडत होत्या. आप्पा पाणी प्यायला उठले आणि फोनच्या समोरून गेले, तर घोडे त्यांच्या बंडीवरून धावायला लागले. मध्ये माणूस आला की चित्र त्याच्या मागे जायला हवं, ही अक्कल महागड्या फोनला असते म्हणे. भाच्याचा फोन हप्त्यावर घेतलेला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की या तंत्राला भिंतीची लांबी-रुंदी कळते, उजेड कुठून येतो ते कळतं, पण भिंत कोणाची ते कळत नाही. आपली भिंत म्हणजे कुटुंबाचा सातबारा आहे. कब्जेदार एक, आणि 'इतर हक्क' या रकान्यात अख्खं गाव. खिळा म्हणून जो दिसतो ती वहिवाट असते.

धुळ्याच्या त्या भिंतीचा उतारा मी बसल्या बसल्या वाचला. थोरल्या आजोबांच्या डावीकडे आप्पांच्या निवृत्तीचा सत्काराचा फोटो. त्यात आप्पा हारामुळे अर्धे झाकलेत आणि प्रमुख पाहुणे पूर्ण दिसतात. ते पाहुणे अजून नात्यातल्या लग्नांना येतात, तेव्हा फोटो हलवता येत नाही. उजवीकडे एका पतसंस्थेने रौप्यमहोत्सवात सभासदांना दिलेलं घड्याळ. ते बंद आहे, पण ठेव अजून तिथेच आहे. त्याखाली समाजमंडळाच्या गुणगौरव समारंभातलं मेहुण्याचं दहावीचं प्रमाणपत्र. त्यानंतर मेहुण्याचा गुणगौरव झालेला नसल्याने त्या फ्रेमला फार महत्त्व आहे. दाराच्या चौकटीलगत मागच्या श्रावणात लावलेला जिवतीचा कागद. त्याचा एक कोपरा उचकटलाय, दुसऱ्यावर हळदकुंकवाचा ठसा वाळून तपकिरी झालाय, आणि नवा श्रावण येईपर्यंत तो काढायला कोणाचा हात धजत नाही. शेजारी कालनिर्णय. त्यावर गॅस कधी लागला आणि दूधवाल्याचे खाडे किती, याची निळ्या पेनातली नोंद.

टीव्हीच्या वर विजेवरचा धबधबा. तुम्ही पाहिला असेल. काचेमागे हिरवं जंगल, बटण दाबलं की पाणी खाली पडल्यासारखं दिसतं आणि पक्षी किलबिलतात. पांझरा नदी वर्षातले बरेच महिने कोरडी आणि दिवाणखान्यात बारमाही धबधबा. ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी धुळ्यात येऊन पुष्कळ वर्षं झाली, हे मी भाच्याला त्या वेळी सांगितलं. त्यालाही तो धबधबा लहानपणी फार आवडायचा. मध्येच पाणी अडकायचं आणि पक्षी चालूच राहायचे.

बाकी राहिली कोपऱ्यातली जागा. तिथे पेन्सिलीने लिहिलेले टेलिफोन नंबर आहेत, लँडलाइनच्या काळातले. बंद पडलेली गिरणी, बदलून गेलेले डॉक्टर, कुणीतरी 'बापू (घरचा)' आणि 'बापू (दुकान)'. रंग देताना रंगाऱ्याला तेवढा चौकोन सोडायला लावला होता. भाचा म्हणाला, हे तरी पुसू. आप्पा ताडकन बसते झाले. "कशाला? राजवाड्यांनी असेच कागद गोळा केले ना?" यावर धुळ्यात उत्तर नसतं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांतून, फडताळांतून जुनी दप्तरं मिळवत हिंडले, १९२६मध्ये धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. तेव्हापासून धुळ्यात काहीही टाकून द्यायचं म्हटलं की माणूस राजवाड्यांचं नाव घेतो. आमच्या सासुरवाडीचा माळा त्यामुळेच भरला आहे.

समोरची भिंत त्या मानाने मोकळी. भाच्याने आशेने फोन तिकडे वळवला. सासूबाई स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "ती कानबाईची." नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. भाऊबंद जमतात, रोट होतात, रात्रभर गाणी होतात, सोमवारी देवीची नदीवर बोळवण होते. वर्षातले ३६३ दिवस ती भिंत रिकामी असते, आणि रिकामी ठेवायची असते म्हणून रिकामी असते. तिथे घोडे? भाच्याने फोन खाली केला.

हल्ली जळगावात लग्नाच्या अल्बमवाल्यांनी एक नवीन प्रकार काढलाय, तोही सांगून टाकतो. फ्रेममधल्या फोटोवर फोन धरला की फोटो ओळखून त्यावरच व्हिडिओ सुरू होतो. नवरानवरी हलायला लागतात, अक्षता पडतात. भाच्याने उत्साहाने आप्पांच्या निवृत्तीच्या फोटोला तसं करून दिलं, मूळ चित्रफीत घरात होतीच. आप्पांनी फोन धरला आणि प्रमुख पाहुणे बोलायला लागले. ते पहिल्या वेळी जितकं बोलले होते तितकंच याही वेळी बोलले. सासूबाईंनी मध्येच फोनवर हात ठेवला, तर भाषण थांबलं. निवृत्तीच्या दिवशी हे जमलं असतं तर जेवणं वेळेवर झाली असती, असं त्यांचं मत पडलं.

घोड्यांचं चित्र विकत घेतलंच नाही, हे वेगळं सांगायला नको. पण भाच्याने ती पहिली जुळणी, मधोमध घोडे, सोनेरी चौकट, फोनमध्ये टिपून घेतली होती आणि सहज म्हणून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. खाली लिहिलं, 'कसं वाटतंय?' आपल्याकडे ग्रुपवर प्रश्नचिन्ह कोणी वाचत नाही. 'अभिनंदन' आले, फुलं आली, हात जोडलेले आले. शिरपूरच्या मामांनी 'केवढ्याला?' विचारलं. सुरतेच्या एका चुलतभावाने हेच चित्र तिकडे निम्म्यात मिळतं असं कळवलं आणि दुकानदाराचा नंबरही दिला.

रात्री नंदुरबारच्या आत्यांचा फोन आला. त्या थोरल्या आजोबांच्या एकुलत्या एक कन्या. नमस्कार-चमत्कार काही नाही. "मना बापना फोटो कथा गया?"

भाच्याने सांगितलं की फोटो आहे तिथेच आहे, हे फक्त फोनमध्ये तसं दिसतं. आत्या म्हणाल्या, फोनमध्ये का होईना, माझ्या बापावर घोडे घालायची बुद्धी झालीच कशी. यातला तर्क मला तरी बिनतोड वाटला. आप्पांनी फोन घेऊन बहिणीची समजूत घातली, सुतकातल्या आवाजात. शेवटी तडजोड ठरली. भाच्याने दुसरा फोटो ग्रुपवर टाकायचा, त्यात आजोबा जागेवर हवेत, हार आणि बल्बसकट, आणि घोडे दुसरीकडे हलवलेले दिसले पाहिजेत. नुसते काढून टाकून भागणार नव्हतं, कारण अभिनंदन स्वीकारून झालं होतं.

घोडे न्यायचे कुठे? टीव्हीच्या वरचा धबधबा हा आम्ही वास्तुशांतीला दिलेला आहेर. तो विषय निघाला तेव्हा बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी आप्पांकडे पाहिलं. पुढे तो विषय निघाला नाही. पतसंस्थेच्या घड्याळाला हात लावायचा तर आधी ठेवीची पावती शोधावी लागली असती. एकेक करत भाचा फोन धरून दिवाणखान्यातून ओसरीवर, ओसरीवरून मागच्या दारी गेला. मागे जिन्याची भिंत आहे. तिच्यावर ना फोटो, ना खिळा, ना देव. पोपडे मात्र भरपूर, त्यामुळे फोनला ती पटकन दिसली. घोडे तिथे बसले. उन्हं कलती होती, चित्र सुरेख दिसत होतं. भाच्याने टिपलं, ग्रुपवर टाकलं आणि जेवायला बसला.

पहिला घास घ्यायच्या आत पलीकडच्या चुलत आप्पांनी आपल्या ओसरीवरून हाक मारली. जिन्याची भिंत सामाईक आहे, वाटणीत तसं लिहिलंय, आणि घोडे टांगताना त्यांना कोणी विचारलं होतं का? आप्पांनी ताटावरूनच सांगितलं की ते फोनमधले आहेत. तिकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग चुलत आप्पा म्हणाले की फोनमधले असले तरी तोंडं कोणत्या बाजूला आहेत ते आधी दाखवा. आमच्या बाजूला असतील, तर आमची हरकत नाही.